चंद्राकाकी गप बसली

आमची चंद्रावतीकाकी गप बसली, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. वडखळला एसटी थांबली नाही म्हणून ही बाई डेपोत जाऊन साहेबाच्या टेबलासमोर ठाण मांडून बसलेली. उभं आयुष्य मिठागरात गेलं, पायांची पार वाट लागली, पण जिभेला कधी गंज चढला नाही. मी प्रविण, तिच्याच गावचा, इको गाडी चालवतो. तिला रामवाडीला मीटिंगला न्यायचं काम माझं, आणि वाटेत माझ्या ड्रायव्हिंगचा उद्धार ऐकायचं कामही माझंच.

मीटिंग कसली, तर रामवाडीत एक संस्था आहे. आरोग्याच्या एखाद्या संशोधनाला ती दर वर्षी पैसे देते. एकालाच. ते कुठलं, हे ठरवायला समिती आहे. डॉक्टर दिनानाथ अध्यक्ष, शाळेतून रिटायर झालेल्या सुहासिनीबाई, आणखी काही शिकलेली माणसं, आणि खाडीकाठच्या गावांतर्फे काकी.

यंदा शेवटी दोन अर्ज उरले. एक रोह्याच्या डॉक्टर स्पृहाचा, साप चावलेली माणसं दवाखान्यात उशिरा का पोचतात याचा. दुसरा अलिबागच्या एका डॉक्टरांचा, खाडीकाठच्या मचूळ पाण्यानं गरोदर बायकांचं प्रेशर वाढतं का, याचा. ते आमच्या गावात घरोघरी येऊन प्रत्येक पोटुशीचं प्रेशर सारखं तपासणार होते. काकीची सून मृणाली, तिचं पहिलं बाळ प्रेशरपायीच पोटात गेलं. तीही जेमतेम वाचली. आता तिला पुन्हा दिवस गेलेत, आणि आमच्या बोअरचं पाणी आहे तसंच मचूळ. तपासायला दवाखान्याची आशाताई येते बिचारी, पण भरतीत रस्ता बुडाला की तीही अडकते. काकीचा जीव या दुसऱ्या अर्जात किती अडकलाय ते मला ठाऊक होतं. गाडीत दुसरा विषयच नव्हता.

मीटिंग सुटली. सुहासिनीबाईंना वडखळला जायचं होतं, म्हणून त्याही आमच्याच गाडीत बसल्या. त्या खुशीत होत्या. म्हणाल्या, सापाचा अर्ज मंजूर झाला, काही वाद नाही, काकींनीसुद्धा हरकत घेतली नाही. काकी खिडकीतून बाहेर बघत होती आणि डोळे पुसत होती. मी रागानंच विचारलं, तुला बोलायला काय झालं होतं?

"माझं मी कसं बोलू रे?" काकी म्हणाली. "माझ्यासाठी कोण बोललाच नाय."

बाईंना कळेना. मग मीच सांगितलं. उधाणात आमच्या बाहेरच्या बांधाला एकदम चार ठिकाणी खांडी पडतात. माती टाकणारे हात तेवढेच, मग आधी कुठली खांड बुजवायची ते सगळे तिथंच उभ्याउभ्या ठरवतात. त्यात ज्याचं शेत बुडतंय त्यानं तोंड उघडायचं नाही. त्याचं दुसऱ्यांनी बोलायचं. त्यामुळं गप बसलेल्या माणसाकडंच आमच्यात आधी बघतात. काकी टेबलाशी बसून त्याचीच वाट बघत होती. आणि टेबलावरच्या सगळ्यांनी धरून चाललं, बाईला चालतंय.

सुहासिनीबाईंना मृणालीचं माहीत होतं. त्यांना वाटलेलं, काकी स्वतःच सांगतील. मग त्या म्हणाल्या, "प्रविण, गाडी वळव."

आम्ही परत आलो तेव्हा मंडळी वडे खात होती, निकाल ऐकायला आलेली स्पृहासुद्धा. मीही आत जाऊन दाराशी उभा राहिलो, मला कोण हाकलतंय! बाईंनी बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. दिनानाथ डॉक्टर वाईट माणूस नाही, पण नियमाचा पक्का. त्यांनी काकीला सरळच विचारलं, घरात गरज आहे म्हणून हे हवंय का?

"व्हय," काकी म्हणाली. "म्हणून तर गप होते."

डॉक्टरांनी चष्मा काढला. म्हणाले, मग मत देताना काकींनी हात वर करायचा नाही, पण बोलायचं. ते पाणी पिणारं माणूस हवं म्हणूनच त्यांना इथं बसवलंय.

काकी बोलली. मृणालीचे पाय सुजले तेव्हा पहिलटकरणीचे सुजतातच म्हणून सगळ्या बायका कशा हसलेल्या, आपणही हसलो, ते सांगितलं. गावात आणखी कुणाकुणाच्या घरी असंच झालंय तेही तिनं सांगितलं. मग पुन्हा हात वर झाले. थोडक्यात का होईना, पाण्याचा अर्ज वर आला. काकीनं आपले दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते.

स्पृहाचा चेहरा उतरला. हातातला वडा तिनं तसाच खाली ठेवला. तिचं तरी काय चुकलं होतं? रोह्याकडच्या वाड्यांवर साप काही वर्षभर थांबणार नव्हते. मलाच वाईट वाटलं, म्हणजे बघा.

काकी उठून तिच्यापाशी गेली आणि तिचा हात हातात घेतला.

"पुढल्या साली तू गप बस गो," ती म्हणाली. "तुझं मी बोलेन."