मावीच्या आईसाठी रामटेकजवळच्या अंगणात

रामटेकचा प्लॅन माझा होता. मंदिर, तलाव, भरपूर फोटो, एवढंच. सोबत मावी. ती मिझोरामची, इथं एका दवाखान्यात नर्स आहे, मनीषनगरला आमच्या वरच्या मजल्यावर राहते. दोन महिन्यांपूर्वी तिची आई गेली आणि तिला वेळेत घरी पोहोचताच आलं नाही. त्यांच्याकडे माणूस गेलं की अख्खी वस्ती त्या घरी जमते, ढोल वाजवून सगळे मिळून गातात. मावी त्यात नव्हती. तेव्हापासून ती भावाचा फोनसुद्धा उचलत नव्हती. "किस मुँह से बात करूँ?" म्हणायची.

रविवारी सकाळी सातला स्कूटीवर निघालो. रस्ता एकदम मस्त, मनसरला उजवीकडे वळायचं. कामठीच्या पुढे तर्री-पोहे खाल्ले, दोघींचे साठ रुपये. मला ठसका लागला, मावीनं तर्री परत मागून घेतली! मंदिर सकाळीच करा, आणि पिशवी सांभाळा, माकडं फार डांबरट आहेत.

दुपारी जवळच्या गावात माझ्या रंजनामावशीकडे जेवलो. हात धुता धुता मावशी म्हणाली, "चला वं पोरींनो, शेजारी भजन आहे. त्यांची म्हातारी गेली." तिथं कुणाच्या घरी गमी झाली की भजन मंडळ दहा दिवस रोज जाऊन बसतं.

शेजारच्या अंगणात मंडळात जाऊन बसलो आणि मी रेकॉर्डिंगसाठी मोबाईल काढला. शंकरकाका, म्हणजे मंडळाचे बुवा, आधी हातमागावर विणायचे, आता किराणा दुकान आहे, लगेच म्हणाले, "ठेव तो. इथं ऐकायले कोणी येत नाही, सगळे वाजवतेत." माझ्या हातात टाळ आले. मी जोरात सुरू केलं.

"हे टाळ वाजवून राहिली का भांडे घासून राहिली गा?" एक आजी म्हणाली. गमीचं घर, तरी सगळे हसले.

मावीला खंजिरी दिली. ती नुसती धरून बसली.

"काहून वं, वाजव ना," काका म्हणाले.

मी काकांना सगळं सांगितलं. मग त्यांनी त्या घरच्या सुनेकडे पाहिलं. ती उठली, तिनं मावीचा हात धरून तिला म्हातारीच्या फोटोसमोर, आपल्या शेजारी बसवलं. घरच्या बायका बसतात तिथं.

"नाव काय तुह्या आईचं?" काकांनी विचारलं.

"लालथनी."

काकांनी म्हातारीच्या नावापाठोपाठ लालथनीचं नाव घेतलं, ढोलकीवर थाप मारली आणि भजन सुरू केलं. ते संपल्यावर म्हणाले, "आता तुमच्यातलं म्हण."

"आपको समझेगा नहीं."

"ठेका तं समजते."

मावीनं त्यांच्या वस्तीत गातात तसं एक गाणं सुरू केलं, आवाज दोनदा फुटला. मंडळ सवयीनं जलद लयीत पळायला लागलं, तर तिनं हातानंच "धीरे, धीरे" केलं. तीस माणसांनी तिच्यासाठी आपली लय सोडली. शेवटी शब्द कुणालाच येत नव्हते, पण गुणगुणत सगळेच होते. सून सगळ्यात मोठ्यानं.

संगीतानं मन हलकं होतं वगैरे मी बरंच वाचलंय. तिथं मावीला कुणी काही समजावलं नाही. बसायला घरची जागा दिली. माझ्याजवळ तेच राहिलं.

सहाला परत आलो. मावी जिन्यातच थांबली आणि तिनं भावाला फोन लावला. मला मिझो येत नाही. मधे "रामटेक" तेवढं कळलं. मग ती तेच गाणं हळू म्हणायला लागली, आणि दुसऱ्या ओळीला स्पीकरवरून भावाचा आवाज आला.