अकरा सुटलेले टाके

माझी धाकटी बहीण शर्टांच्या कारखान्यात तपासनीस आहे. शिवून आलेला शर्ट उलटा करायचा, शिवणीवरून बोट फिरवायचे, टाका सुटलेला दिसला की लाल खडूने खूण करायची आणि निर्दोष शर्टाच्या कॉलरखाली आपला क्रमांक चिकटवायचा, हे काम ती चौदा वर्षे करीत आली. तिचा क्रमांक सतरा; बायका तिला ‘घार’ म्हणत. त्या कारखान्याची एक रीत आहे. गिऱ्हाइकाने परत धाडलेला शर्ट ज्या क्रमांकाचा असेल, त्या बाईच्या डोक्यावर दोरीला आठवडाभर टांगून ठेवतात, येणाऱ्याजाणाऱ्याने पाहावा म्हणून. चौदा वर्षांत घारीच्या डोक्यावर एकही शर्ट लटकला नव्हता. दोन गर्भ गळून गेल्यावर, पस्तिसाव्या वर्षी तिला दिवस राहिले, आणि पाचव्या महिन्यात एकदम तीन लटकले.

नऊ-नऊ तास अंथरुणात काढूनही ती कुटून काढल्यासारखी उठे. घशाला कोरड, डोक्यात घण. कोणी नाकतोंड दाबून धरावे तशी मध्येच दचकून उठून बसे. तिच्या घोरण्याला कंटाळून नवऱ्याने उशी बगलेत मारून बाहेरची खोली गाठली.

“बायको केली की लाकडं कापायची गिरणी घेतली, तेच कळत नाही,” असे तो पाहुण्यांना सांगे आणि पाहुणे हसत.

सासूबाईंचे तर निदान तयारच होते. “पाच बाळंतपणं काढली मी. झोप पुरत नाही म्हणायची टाप नव्हती कुणाची.”

“अहो आई, झोपते, पण ती लागतच नाही अंगाला.”

“आळस कधी अंगाला लागलाय का कुणाच्या?”

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना तिने सांगितले, झोपेत श्वास अडकतो, फार घोरते. त्या म्हणाल्या, “पोट वाढलं की दम लागणारच. डाव्या कुशीवर झोपा. आणि घोरण्याचा त्रास तुम्हाला कुठे, तो तुमच्या मिस्टरांना!” नर्स तोंडाला रुमाल लावून हसली. एवढ्या विनोदासाठी बहीण तीन तास बाकावर बसली होती.

कारखान्यात जेवणानंतर वीस मिनिटे बायका टेबलावरच डोके टेकतात. त्या वेळी इस्त्रीवालीने तिच्या घोरण्याचा चार मिनिटांचा आवाज मोबाईलवर टिपला आणि ‘घारीचं इंजिन सुटलं’ म्हणून सगळ्यांना पाठवला. तो नवऱ्यापर्यंत पोहोचला आणि त्या महाभागाने तो घरच्या ग्रुपवर टाकला. मी शाळेत भाषा शिकवते. वेलांटी चुकली तरी मला खपत नाही. त्या चार मिनिटांतली वीस सेकंदे ऐकून मी तीन हसरे चेहरे धाडले.

शेवटपर्यंत ऐकले ते फक्त तिने. रविवारी ती माझ्या स्वयंपाकघरात आली आणि टेबलावर मोबाईल ठेवून खिशातून लाल खडू काढला. “ताई, बोलू नकोस. ऐक.”

घोरणे, घोरणे, घोरणे. मग काहीच नाही. मागे बायकांची खुसखुस. एक म्हणते, “बंद पडलं गं, ढकला!” मग बुडणारे माणूस पाण्यावर यावे तसा एक आचका, आणि पुन्हा घोरणे. जिथे जिथे आवाज थांबला तिथे तिने टेबलावर एकेक रेघ ओढली. अकरा रेघा झाल्या. सर्वांत लांब खंड बावीस सेकंदांचा.

“शिवण बघ ना ही. टाका, टाका, टाका, मग नुसतं रिकामं. असा शर्ट मी हातून सोडत नाही.” तिने पोटावर हात ठेवला. “तेवढा वेळ आत काय पोचत असेल गं?”

“डॉक्टरांना ऐकव,” मी म्हणाले. सोबत गेले नाही. तपासायचे पेपर होते.

पुढच्या तपासणीला दवाखान्यात तिचा रक्तदाब चढलेला निघाला. “बाई, फक्त चार मिनिटं ऐका,” ती म्हणाली.

“बाहेर चाळीसजणी ताटकळल्यात. मोबाईल पर्समध्ये. ही गोळी घ्या, ताण घेऊ नका आणि रात्री झोपा नीट.”

एकतिसाव्या आठवड्यात, भर सकाळी अकरा वाजता, डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणून तिने टेबलावर डोके टेकले. मुकादम म्हणाला, “झोपली परत महाराणी,” आणि तिला न उठवता चौथा शर्ट तिच्या डोक्यावर टांगून गेला. झटके येऊन ती खुर्चीवरून घसरली, तेव्हा कुठे गाडी बोलावली. मोठ्या रुग्णालयात रक्तदाब आटोक्यात आणला, ती वाचली. मुलगी मृतच जन्मली.

तिथल्या डॉक्टरांनी मात्र ती चार मिनिटे उभ्या-उभ्या दोनदा ऐकली. “हे आधी कुणाला ऐकवलं होतं?”

“सगळ्यांना,” ती म्हणाली.

“ह्यामुळेच झालं, असं मी म्हणणार नाही. पण झोपेत असा श्वास थांबत राहिला तर रक्तदाब चढतो. याची तपासणी असते. गरोदरपणातही उपचार करता येतात.”

आता ती नाकावर मुखवटा लावून, यंत्राच्या हवेवर झोपते. नवरा उशी घेऊन परतला आहे. “बघा, आता चिमणीएवढाही आवाज नाही घरात,” असे तो कौतुकाने सांगतो.

मी दवाखान्याला तीन पानी तक्रार लिहिली. उत्तर दोन ओळींचे आले: रुग्णेने झोपेसंबंधी तक्रार केल्याची नोंद कागदपत्रांत आढळत नाही. शर्टाचे एक बटण तुटले तर कोणाच्या हातून सुटले हे शोधून काढता येते. दवाखान्यातल्या तिच्या फाईलवर पाच सह्या आहेत आणि एकीचाही मालक सापडत नाही.

तो आवाज अजून घरच्या ग्रुपवर आहे. परवा मी तिला म्हणाले, “काढून टाकायला सांग गं तो.”

तिने मोबाईल माझ्यापुढे धरला. आवाजाखाली नावानिशी, वेळेनिशी हसऱ्या चेहऱ्यांची रांग होती. तिसरे नाव माझे होते.

“राहू दे, ताई,” ती म्हणाली. “कुणाकुणाच्या हातून गेलं, त्याची तेवढीच नोंद आहे.”