शेवंताकाकूंच्या कोपराखालची स्प्रिंग

किरनापुरात सायकलची दुकानं पुष्कळांनी टाकली, पण सायकलीच्या सामानातून सायकल सोडून भलतंच काही बनवणारा माणूस एकच, आमचे हिरालालकाका. आता ऐंशीच्या पुढे आहेत. मी शेजारचा शिंपी, त्यांचे उपद्व्याप जन्मभर बघत आलोय. हा शब्द मी प्रेमानं वापरतो. त्यांची बायको, आमच्या शेवंताकाकू, रागानं वापरतात.

थोरला लोकेश तान्हा असताना काकांनी पाळण्याची दोरी सायकलच्या पायडलला बांधली. काका दुकानात चेन तपासणार, इकडे पोरगं झोपणार. झालं असं, की खडखडाटाशिवाय त्याला झोपच येईना. काकू माहेरी खैरलांजीला गेल्या की मागोमाग काकांना सायकल घेऊन जावं लागे. मला विचाराल तर यंत्र त्याचसाठी बनवलं होतं. पुढे धान उफणायचा पायडलवरचा पंखा निघाला, तो आसपासच्या गावांनी डोक्यावर घेतला आणि त्यावर मुलं शिकली.

गेल्या वर्षी नात समीक्षाचं लग्न ठरलं. "आजी, माह्या लग्नात तुया हातचीच लांब रोटी पायजे," तिनं हट्ट धरला. लांब रोटी म्हणजे सैल कणीक दोन्ही हातांवर झेलत पातळ करायची आणि चुलीवरच्या उपड्या मडक्यावर टाकायची. त्यात काकूंचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण आता खांदा आखडलेला, उजवा हात वर जाईना. नातीला त्या हौ म्हणाल्या आणि आत जाऊन रडल्या.

काकांनी रूळ आणि मोटर जोडून रोटी पातळ करणारं यंत्र बनवलं. रोटी झकास निघाली, आम्ही टाळ्या पिटल्या. काकूंनी ती उलटसुलट पाहिली.

"म्हंजे आता माही गरज नाई राह्यली," त्या म्हणाल्या.

काकांचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते चालतं यंत्र खोलून टाकलं. मला रागच आला.

"काका, काहून मोडलं?"

"मले रोटी थोडीच पायजे होती? शेवंता चुलीपाशी पायजे होती."

मग सीटखालची स्प्रिंग वर आढ्याला टांगली, खाली पट्टा, पट्ट्यात काकूंचं कोपर, म्हणजे हात उचलायचं काम स्प्रिंगचं. पट्टा मी शिवला, हे सांगून ठेवतो. पहिल्या खेपेला स्प्रिंग इतकी जोरात ओढली, की कणीक उडून काकांच्या टकलावर बसली. काकू डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. त्यांना तसं हसताना पाहून मला फार बरं वाटलं. काकांनी टक्कल पुसलं आणि स्प्रिंग ढिली केली.

लग्नात बुद्धवंदना आटोपली आणि मांडवामागे, बांबूला टांगलेल्या स्प्रिंगखाली, रोट्यांवर रोट्या पडू लागल्या. नवरदेवाचे मामा जेवण सोडून स्प्रिंग बघत उभे राहिले.

"असंच एक आमाले बी बनवून द्या ना."

"देतो ना," काका म्हणाले. "पन त्याच्याखाली बसाले शेवंता कुठून आनसान?"

काकूंनी मान वर केली नाही. "बोलत नोका बसू, लाकूड सारा," त्या म्हणाल्या, आणि काकांनी मुकाट्यानं लाकूड सारलं.