खालची टाकी अर्धी रिकामी
माझी जीभ पहिल्यापासून तिखट. लग्न होऊन रत्नागिरीहून सोलापुरात आले तेव्हा दुष्काळ नुकता सरला होता, पण नळाला पाणी एक दिवसाआडच यायचं. हंडे भरता भरता एकदा मी फणकारले, "आमच्या दाराशी समुद्र आहे. इथं नुसतं बघायलासुद्धा पाणी नाही!" नवऱ्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तसं केलं नाही. दोन दिवसांनी चहा घेताना त्यांनी विचारलं, "सूनबाई, समुद्राचं पानी घरात ऱ्हातंय का गं?"

मला हसू आलं. म्हटलं, पाणी राहील, त्यातला जीव राहणार नाही. साठल्या पाण्यात तो मरतो, त्याला हलतं पाणी लागतं. "मग फिरतं ठिवू की," ते म्हणाले. मला वाटलं, संपला विषय.

मामंजी कापडगिरणीतून निवृत्त झालेले फिटर. समुद्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. पण सूत तुटू नये म्हणून गिरणीच्या हवेत पाण्याचा फवारा सोडतात, ते पाणी खालच्या हौदात उतरतं, गाळून पुन्हा वर चढतं, आणि हे पाणी फिरवण्यातच त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी ओसरीच्या शहाबादी फरशीवर खडूनं आखायला घेतलं. वर काचेची टाकी, तिच्याखाली दुसरी. वरचं जादा पाणी नळीतून खाली पडणार, वाळू-शिंपल्यांच्या थरातून गाळलं जाणार, आणि छोटा पंप ते पुन्हा वर ढकलणार.

स्टँड भंगारातल्या लोखंडी अँगलचा. तो पाण्याचं ओझं पेलेल का हे बघायला त्यांनी आधी मला आणि सासूबाईंना शेजारी शेजारी त्यावर बसवलं. सासूबाई देवाचं नाव घेत बसल्या होत्या. मामंजी खाली वाकून चारी पाय न्याहाळत होते. मग म्हणाले, "अजून एक आडवी पट्टी पायजे." कोणामुळे, ते विचारायची आमची छाती झाली नाही.

नळाच्या पाण्यावर चाचणी झाली. खालची टाकी त्यांनी अर्धीच भरली. मी टोमणा मारला, "इथंही पाणीकपात का?" त्यांनी पंपाचं बटण बंद केलं. वरचं पाणी गळगळ खाली येऊ लागलं. खालची टाकी भरत गेली, मी पदर खोचून फडकं आणायला धावले, तर पाणी काठाच्या चार बोटं खाली येऊन थांबलं. "लाईट गेल्यावर एवढं पानी खाली येनारच. त्याला जागा नको व्हय?" मी फडकं हातात घेऊन तशीच उभी राहिले. न पाहिलेल्या समुद्रासाठी या माणसानं जागा मोजून ठेवली होती. खोटं कशाला सांगू, त्या दिवसापासून माझी जीभ जरा आवरली.

पाणी वर नेणारी नळी मात्र त्यांनी तांब्याची केली. आमच्याकडे प्यायचं पाणी तांब्याच्या भांड्यात ठेवायची रीत. एवढ्या लांबून येणाऱ्या जिवाला त्याहून चांगलं काय द्यायचं? सासूबाईंनी ती नळी चिंचेनं घासून लखलखीत केली.

सगळं तयार झाल्याचं कळवल्यावर माझे वडील रत्नागिरीहून एसटीनं आले ते समुद्राच्या पाण्याचे दोन कॅन आणि एक झाकणाची बादली घेऊन. बादलीत दगडाला चिकटलेला एक लिबलिबीत गोळा. असतो तो प्राणी, पण पाकळ्यांसारखे हात पसरतो म्हणून आम्ही त्याला फूल म्हणायचो. वडील स्टँड बघून थक्क झाले. मग त्यांची नजर नळीवर गेली आणि चेहरा उतरला.

"व्याही, होडीच्या बुडाला आम्ही तांब्याचा रंग मारतो. कशाला, तर कालवं-शिंपले चिकटू नयेत म्हणून. तांब्यानं हा जीव मरेल."

 मामंजी पाने-पक्कड घेऊन बसले, नळी उतरवली, बाजारातून रबराची आणून जोडली. दोन्ही टाक्या तीनदा धुतल्या, वाळूसुद्धा बदलली. तोवर बादलीतला गोळा सुकल्या लिंबाएवढा झाला होता.

टाकीत सोडूनही तो उघडेना. एक दिवस गेला, दुसराही. मामंजी समोर स्टूल टाकून बसून राहिले, जेवायलाही तिथंच. मला फुलाची नाही, त्यांची काळजी वाटत होती. माझ्या एका फणकाऱ्यापायी त्यांनी हे सगळं मांडलं होतं, आणि फूल मेलं असतं तर दोष त्यांनी स्वतःच्या हातांना दिला असता.

तिसऱ्या दिवशी सकाळी वडील निघायच्या तयारीत होते. ओसरीवरून हाक आली, "सूनबाई, ये की लवकर!"

फूल उघडलं होतं. तांबूस पाकळ्या फिरत्या पाण्यात डुलत होत्या. मामंजींनी बाही वर सारून हात पाण्यात घातला आणि घट्टे पडलेलं बोट पुढं केलं. पाकळ्या हळूहळू त्या बोटाभोवती मिटल्या.

"धरलंय की मला," ते पुटपुटले.

माझे वडील म्हणाले, "घाबरू नका. हलकेच ओढा, सोडेल ते."

"नगं," मामंजी म्हणाले. "ऱ्हाऊ द्या. त्याला सोडायचं तवा सोडंल."