कंधारकराला विकलेला बैल

मुरुडच्या बाजारात बैलांचे दलाल पुष्कळ होते, पण उपरण्याखाली हात घालावा तो मल्लिनाथअप्पांनीच, असं लोक म्हणत. बैलाचा भाव तिथं तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून बोलतात, आणि दलाल कधी याचा हात धरतो, कधी त्याचा. आत काय ठरलं ते तिसऱ्याला कळत नाही. अप्पांचं सारं आयुष्य त्या उपरण्याखाली गेलं, आणि उडत्या पाखराची पिसं मोजणारा माणूस अशी त्यांची ख्याती झाली.

ती ख्याती एका बैलावर उभी होती. तरुणपणी माळेगावच्या जत्रेत त्यांनी भुजंग नावाच्या कंधारच्या शेतकऱ्याला लालकंधारी बैल विकला. कंधारच्या माणसाला लालकंधारी विकणं म्हणजे सोनाराला पितळ खपवण्यासारखंच, कारण ते तांबडं जनावर त्याच मातीतलं, तिथल्या पोराला चालायला लागल्यापासून ओळखू येतं. आणि हा बैल तर बसका. नांगराला जुंपला की अर्ध्या तासात मातीत बसायचा, मग मारा नाहीतर जाळा, उठायचा नाही. अप्पांनी तो कुणाकडून तरी पडत्या भावात उचलला होता आणि आठवड्याच्या आत भुजंगच्या गळ्यात घातला.

यात एक गोष्ट मात्र बसत नव्हती. त्या भागातल्या जुन्या दलालांत एक रीत होती. भावात काय वाटेल ते खोटं बोला, पण दावं बदलायच्या आधी घेणारा विचारतो, "खोड?" तेव्हा बैलाच्या पाठीवर हात ठेवायचा आणि खरं सांगायचं. अप्पांसारख्या लिंगायत माणसाला तर बैल म्हणजे बसवण्णाच. अप्पांनी तांबड्याच्या पाठीवर उजवा हात ठेवला आणि म्हणाले, "काहीच न्हाई."

घरी येऊन त्यांनी मोठ्या हौसेनं हे बायकोला सांगितलं. जगदेवी हसली नाही. "बसवण्णाच्या पाठीवर हात ठिवून?" एवढंच म्हणाली आणि भाकरी थापत राहिली. बायामाणसांना धंदा कळत नाही, असं म्हणून अप्पांनी तो विषय मिटवला.

बाजारात मात्र चहाच्या टपरीवर ती गोष्ट वर्षानुवर्षं चालली. दर वेळी भुजंग थोडा जास्त बावळट व्हायचा आणि अप्पा थोडे जास्त हुशार. हुशारीबद्दल त्यांचे काही समज अगदी पक्के होते. फसलेल्याला आपण फसलो हे कळत नाही. कळलं तरी लाजेपोटी तो बोलत नाही. आणि जो बोलत नाही तो भोळा. हा हिशेब त्यांनी कधी उलटा करून पाहिला नाही, आणि पाहायची गरज पडली नाही हेच त्यांचं दुर्दैव.

मग दोन वर्षांपूर्वी त्यांना लकवा मारला आणि उजवा हात गेला. लातूरला स्पेअरपार्टचं दुकान असलेला मुलगा रुद्रेश म्हणाला, आता इथं राहू नका, माझ्याकडं चला. जगदेवी तयार झाली. अप्पांचा पाय निघेना, तो शेवऱ्यामुळं.

शेवऱ्या हा त्यांच्या दावणीतला शेवटचा बैल. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, डोळा शांत, घरात पैदा झालेला. त्याचा जोडीदार लम्पीच्या साथीत गेला तेव्हा शेवऱ्या चार दिवस कडब्याला तोंड लावत नव्हता. अप्पांनी बाजारात हजारो बैल हातावेगळे केले, पण याला कधी विकायला काढलं नव्हतं. आता फ्लॅटमध्ये बैल कुठं बांधणार? आणि एकट्या, उतरत्या वयाच्या बैलाला गिऱ्हाईक नसलं की शेवटी कोण येतो, हे अप्पांइतकं कुणाला ठाऊक? कसायांच्या ताडपत्री झाकलेल्या गाड्या त्यांनी जन्मभर पाहिल्या होत्या. त्यांना एकच हवं होतं, याला मरेपर्यंत चारणारी दावण मिळावी. त्यासाठी ते लोकांच्या पाया पडायला तयार होते.

अन् इथंच सगळं अडलं. ते म्हणाले, बैलाला खोड नाही. लोक हसले. "अप्पा न्हाई म्हणतेत म्हणजे दोन तरी असतील." त्यांनी भाव उतरवला तसे लोक आणखी लांब सरकले. शेवटी शेजारच्या गावच्या आनंदराजला ते म्हणाले, "फुकट घिऊन जा. फक्त त्याला शेवटपर्यंत सांभाळ." आनंदराजनं शेवऱ्याचे दात पाहिले, खूर पाहिले, भोवती फिरून पुन्हा दात पाहिले आणि हात जोडले. "फुकट द्यायलेत म्हणल्यावर तर मला भ्याव वाटतंय, अप्पा. लेकराबाळाचा माणूस हाय मी." तो मस्करी करत नव्हता. 

त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना भुजंगची आठवण आशेनं झाली. साऱ्या मुलखात आपल्यावर विश्वास ठेवणारा एकच माणूस उरला आहे, असं त्यांना वाटलं. एकदा फसला तो पुन्हा फसेल, आणि या वेळी तर फसवायचंही नाही. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तसं त्यांनी ते धरून ठेवलं.

गावातल्या हरिओमच्या पिकअपमध्ये शेवऱ्याला चढवून ते कंधारला निघाले. हरिओम ती जुनी गोष्ट ऐकतच मोठा झालेला. वाटेत तो सारखा गालात हसत होता.

भुजंग वस्तीवरच होता. केस पांढरे झालेले, पाठ ताठ. त्यानं अप्पांना लगेच ओळखलं, बाजेवर बसवलं, बायकोला पाणी आणायला सांगितलं. तुळजाबाईंनी पाणी दिलं आणि त्या जरा वेळ अप्पांच्या लुळ्या हाताकडं बघत राहिल्या. हरिओम चहा पिऊन येतो म्हणून फाट्याकडं गेला.

अप्पांनी सगळं सांगितलं. लकवा, लातूर, जोडीदार. भुजंगनं ऐकून घेतलं, उठला, शेवऱ्याजवळ गेला आणि विचारलं, "खोड?"

अप्पा कसेबसे उठले. उजवा हात उचलेना, म्हणून डावा ठेवला शेवऱ्याच्या पाठीवर. "न्हाई, भुजंगराव. खरं सांगायलोय."

"त्या दिवशीबी हात ठिवलाच होता, अप्पा."

आवाजात राग नव्हता. राग असता तर अप्पांना सोपं गेलं असतं. त्यांनी विचारलं, "म्हंजी... कळलं होतं तुमाला?"

"घेतानाच. शेपटीचं हाड मोडलेलं होतं त्याच्या. उठवायला पिरगाळून पिरगाळून मोडतेत तसं. लालकंधारी हाय तो, आमच्या अंगणातलं जनावर. मला कळणार न्हाई तर कुणाला?"

"मग घेतलाव काहून?"

"तुमच्या मागं ताडपत्रीची गाडी उभी होती ना," भुजंग म्हणाला. "मी न्हाई म्हणलं असतं तर सांजच्याला त्यो तिच्यात चढला असता. खांदा सुजून आला होता त्याचा. जू ठिवलं की आग व्हायची, म्हणून बसायचा. बसला की लोक मारायचे. एक हंगाम नुसता सोडून दिला. मग कैक वर्षं नांगर वढला त्यानं. तिथं पुरलाय." त्यानं बांधावरच्या बाभळीकडं बोट केलं.

अप्पांनी तिकडं पाहिलं. हजारो बैल हाताखालून गेलेल्या माणसाला तो खांदा दिसला नव्हता. दिसणार कसा? त्यांचं सगळं लक्ष माणसाला कसं गंडवायचं यात होतं, जनावराकडं पाहायला सवड कुणाला होती!

"कधी बोलला न्हाईत," ते पुटपुटले.

"कशाला? तुमी टपरीवर सांगता ते इथवर यायचं. ज्याला सांगून बरं वाटतंय त्यानं सांगावं. पण त्याच्यानंतर आमच्या भागातला एक तरी माणूस तुमच्या उपरण्याखाली हात घालायला आला का, अप्पा?"

आला नव्हता. कंधारचे लोक आपल्या हुशारीला टरकून आहेत, असंच ते इतकी वर्षं छाती फुगवून सांगत आले होते. आता त्यांचे डोळे भरून आले आणि ते पुसायला सवयीनं उजवा हात उचलू गेले, तो उठेना.

भुजंगनं त्यांच्याकडं पाहिलं नाही. त्यानं शेवऱ्याला तपासायला घेतलं. दात, खूर, शेपटीचं टोक, खांदा. वस्तीभोवती चालवलं, जू मानेवर ठेवून पाहिलं, बसवून उठवलं. अप्पा उभे होते. बैल पास होणार यात त्यांना शंका नव्हती. ते वेगळ्याच गोष्टीची वाट पाहत होते. या माणसानं एकदा म्हणावं, अप्पा, तुम्ही खरं बोललात.

"चांगला हाय बैल," भुजंग म्हणाला. "ठिवतो मी. मरेपर्यंत हितंच ऱ्हाईल, काळजी करू नका."

बैल चांगला. माणसाबद्दल तो काहीच बोलला नाही, आणि मागायला अप्पांना तोंड नव्हतं.

रीतीप्रमाणं जुनं दावं सोडून अप्पांना द्यायचं होतं. एका हातानं गाठ सुटेना, म्हणून तुळजाबाईंनी सोडली आणि दावं गुंडाळून त्यांच्या काखेत दिलं. भुजंगनं आपलं दावं बांधलं. शेवऱ्यानं मान वळवून अप्पांना हुंगलं आणि पुढ्यातल्या कडब्याला तोंड लावलं.

परतीच्या वाटेवर विष्णुपुरीच्या धरणातून आलेल्या कालव्याकाठी हरिओमनं गाडी हळू केली. इतका वेळ दाबून धरलेलं त्याच्यानं राहवेना.

"अप्पा, घातली ना टोपी कंधारकराला परत? काय खोड होती, आता तरी सांगा की."

"कायबी खोड न्हाई त्याला," अप्पा म्हणाले. "आणि मागच्या बारीला मी फसवलंच नव्हतं कुणाला. मीच खुळा होतो. उपकार केले त्यानं, दोन्ही बारीला."

हरिओमनं त्यांच्याकडं पाहिलं, डोळा मारला आणि मांडीवर थाप मारून खदखदून हसला. "वा अप्पा! मला बी पत्ता लागू देऊ नका!"

 मांडीवरचं दावं डाव्या मुठीत धरून अप्पा मुरुड येईपर्यंत रस्त्याकडं बघत राहिले. दुसऱ्या दिवशी टपरीवर हरिओम नवी गोष्ट सांगत होता.