अळणी चालायचं नाही

प्रयोगशाळेत तिला सगळे खारूताई म्हणत. मिठागरांच्या खाऱ्या पाण्यात जे सूक्ष्मजीव सुखाने नांदतात, ते वाढवायचे, ओळखायचे आणि जपायचे, हे तिचं काम. टोपणनाव कोणी ठेवलं ते आता कोणी कबूल करत नाही.

घरी मात्र लौकिक उलटा. दिवसभर मिठात हात असायचे, आणि भाजीत मीठ घालायचं तेवढं ही बाई विसरायची. सासूबाई पहिल्याच घासाला ताट पुढे सारायच्या. "पगार मिठाचा घेतेस आणि आम्हाला अळणी खायला घालतेस!" मग गुडघे धरत उठायच्या, बरणी आणायच्या आणि कुणाला न विचारता सगळ्यांच्या ताटांत वरून मीठ घालायच्या. लग्न झाल्यापासून हे असंच. दोघींचं कधी पटलं नाही, आणि पटत नाही हे दोघींनी कधी लपवलंही नाही.

त्या सासूबाई इस्पितळात गेल्या आणि परत आल्याच नाहीत. नवरा ढसाढसा रडला. ज्यांच्याशी सासूबाईंनी उभा दावा मांडला होता, त्या शेजारणीसुद्धा रडल्या. खारूताईच्या डोळ्यांत टिपूस नाही. दुःख नाही, सुटल्याचा आनंदही नाही. दात काढल्यावर गाल बधिर होतो, तसं सगळंच. एका संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, "तुला काहीच वाटलं नाही ना गं?" तिने मनात खूप शोधलं, पण हाती काही लागेना. आपण मुळातच कोरड्या असू, असं तिने ठरवून टाकलं, आणि त्याचंही तिला फारसं वाईट वाटलं नाही.

कामावर परतली तेव्हा इन्क्युबेटरच्या, म्हणजे सूक्ष्मजीव वाढवायच्या उबदार कपाटाच्या, मागच्या कोपऱ्यात खाऱ्या पाण्याचे नमुने लावलेल्या काही प्लेटा तशाच पडल्या होत्या. काही उगवलं नाही की एरवी ती त्या ठरल्या वेळी फेकून देई. इस्पितळाच्या धावपळीत या राहून गेल्या. आता त्यांवर टाचणीच्या डोक्याएवढे फिकट गुलाबी ठिपके दिसत होते. इतकं सावकाश वाढणारं काही तिथे आजवर कुणी पाहिलं नव्हतं. तिचे साहेब हरखून गेले.

"खारूताई, काय हा धीर!"

"धीर कसला साहेब, सासूबाई आजारी होत्या."

साहेबांनी घाईने एक प्लेट उजेडाकडे धरली.

मग तपासण्या सुरू झाल्या. जनुकं माहितीतल्या कुठल्याच जातीशी जुळेनात. जात नवीच होती. शेवटी राहिली मिठाची परीक्षा. एकेका नळीत मीठ कमी करत जायचं आणि जीव कुठवर टिकतो ते पाहायचं. शेवटच्या नळीत साधं पाणी. त्यात तिने त्या जिवांचा थेंब सोडला आणि गुलाबी गढूळपणा बघता बघता निवळला. पेशी फुटून गेल्या होत्या. सूक्ष्मदर्शकाखाली काही म्हणजे काही उरलं नव्हतं.

"अळणी अजिबात खपत नाही हो बाईसाहेबांना!" साहेब हसत म्हणाले. "नाव तुम्हीच सुचवा. स्वतःचं सोडून कुणाचंही चालेल."

खारूताई हातातल्या नळीकडे बघत राहिली. मग तिने एक नाव घेतलं. हे नाव तिने आजवर कधी उच्चारलं नव्हतं. तोंडावर 'सासूबाई', माघारी 'त्या', आणि राग आला की 'त्या बाई'.

"कोण म्हणालात?" साहेबांनी विचारलं. "इंग्रजीत कसं लिहायचं हे? एकदा लागलं की कायमचं हो, चूक नको."

तिलाही ठाऊक नव्हतं. तिने हातमोजा ओढून काढला आणि नवऱ्याला फोन लावला.

"अहो, आईंचं नाव..." म्हणून तिने ते पुन्हा घेतलं. या वेळी अर्ध्यावरच तिला रडू फुटलं.

पलीकडून नवऱ्याने विचारलं, "रडतेस तू?"

"हो," ती म्हणाली. "तुम्ही आधी स्पेलिंग सांगा."