सरासरीत न दिसणारी म्हैस

कॅमेऱ्यापुढे जे सतत हलते, ते चालत्या सरासरीत कोठे जाते? हा प्रश्न मी वर्गात कधी विचारला नव्हता. तो आमच्या गोठ्यात उभा राहिला, आणि उत्तर आणखी उशिरा कळते तर फार महागात पडले असते.

खानापूरजवळच्या आमच्या घरी म्हैस व्यायला झाली होती. मागच्या वेताला कळा सुरू झाल्याचे कुणाच्या लक्षात आले नाही आणि रेडकू दगावले. म्हणून या खेपेस मी गोठ्यात कॅमेरा बसवला आणि पायथन नावाच्या संगणकभाषेत लहानसा प्रोग्रॅम लिहिला. अण्णा, म्हणजे माझे थोरले बंधू, मच्छे या गावच्या कारखान्यातून फोनवर चित्र पाहत.

अडचण धुरीची होती. डासांसाठी वहिनी संध्याकाळी कडुनिंबाच्या पाल्याची धुरी करीत, आणि चित्रात धुराचे लोट तेवढे दिसत. तेव्हा मी दर सेकंदाला एक चित्र घेऊन चालती सरासरी काढू लागलो. रीत सोपी आहे. प्रत्येक ठिपक्यासाठी शंभरांपैकी अठ्ठ्याण्णव भाग जुन्या सरासरीचे घ्यायचे, दोन भाग नव्या चित्राचे. येणारी बेरीज ही पुढच्या फेरीची जुनी सरासरी. बेरीज दशांशात ठेवावी. पूर्णांकात ठेवली तर नव्या चित्राचा तो लहानसा वाटा गळून पडतो. धूर विरला, दावणीला उभी असलेली म्हैस स्वच्छ दिसू लागली. खूश होऊन मी अण्णांना फक्त सरासरीचेच चित्र पाठवू लागलो.

एका संध्याकाळी मी माजघरात पेपर तपासत असताना त्यांचा फोन आला.

“मास्तर, म्हस कुणी सोडली रं?”

“कुणी नाही. दावणीलाच आहे.”

“मग फोनात निस्ता खुंटा कसा दिसतोय? तुझ्या त्या अजगरानं गिळली काय?”

मी संगणक उघडला. सरासरीत गव्हाण होती, खुंटा होता. म्हशीच्या जागी पुसट करडा डाग. मग मूळ चित्र पाहिले. धुरात एक काळा आकार उठत होता, बसत होता, पुन्हा उठून वळत होता. सरासरी स्थिराला राखते आणि चंचलाला पुसते. धुराबरोबर तिने म्हशीलाही पुसले होते. म्हैस दिसेनाशी होणे हीच कळांची खूण होती!

मी वहिनींना हाक मारीत घरामागच्या परड्यातल्या गोठ्याकडे धावलो. वहिनी माझ्याआधी पोहोचल्या.

“भावजी, आधी ती धुरी भायेर काढा. आन् डॉक्टरला फोन लावा! रेडकाचा एकच पाय दिसतोय, दुसरा न्हाय.”

गुरांचे डॉक्टर वेळेवर आले. त्यांनी आत हात घालून दुमडलेला पाय सरळ केला, आणि थोड्या वेळाने रेडकू गवतावर आले. त्याने फुरफुरून नाक झटकले, तेव्हा मी गव्हाणीच्या काठावर बसून घेतले. म्हैस त्याला चाटू लागली.

अण्णांना फोन लावला. “रेडी!” मी म्हणालो.

“कोण रेडी? मी अजून मच्छ्यातच हाय की!”

“अण्णा, रेडी झाली. दोघी सुखरूप आहेत.”

पलीकडे मोठ्याने हसणे. “व्हय? लई ब्येस!”

आता अण्णांच्या फोनवर मूळ आणि सरासरीचे अशी दोन्ही चित्रे शेजारी दिसतात, कारण त्यांतील फरक हीच खरी बातमी असते. तरी केवळ माझ्या सांगण्यावर विसंबू नका. कॅमेरा एका जागी घट्ट बसवा, वर दिलेल्या प्रमाणात सरासरी काढा, कॅमेऱ्यापुढे काही मिनिटे येरझारा घाला, मग तितकाच वेळ स्वस्थ बसा. आणि मी म्हणतो ते खरे की खोटे, हे कृपया स्वतः पडताळून पाहा.